मुक्कामाची गाडी आणि ऐंशी घरं

*सादर नमस्कार.*

*मी सातारा जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. सांस्कृतिक मंडळही माझ्याच गळ्यात आहे. यंदा बारावीतल्या एका मुलीनं एसटीवर गाणं लिहिलं. तिच्या गावाला रात्री मुक्कामी येणारी गाडी बंद झाली, त्याबरोबर सकाळी सव्वासहाला सुटणारी पहिली गाडीही गेली. आता तिकडची पोरं अडीच किलोमीटर चालत फाट्यावर येतात. ‘मुक्कामाची गाडी गेली, मुक्काम तेवढा राहिला’ असं ध्रुवपद आहे. अकरावीतल्या एका मुलानं चाल लावली आणि ओळखीतल्या एकाच्या घरच्या स्टुडिओत गाणं रेकॉर्ड झालं. ३ मिनिटं २० सेकंदांचं आहे. मधल्या म्युझिकला नेटवरचा एक ‘फ्री बीट’ वापरलाय. प्राचार्य गाणं ऐकून खूश झाले, ‘याचा व्हिडिओ करा, गॅदरिंगला दाखवू’ म्हणाले आणि १२,००० रुपये मंजूर करून मोकळे झाले.*

*तिथून माझी झोप उडाली आहे. सतरा मुलं आहेत आणि प्रत्येकाला वेगळा व्हिडिओ दिसतोय. कुणाला ड्रोन हवा, कुणाला पाऊस, कुणाला सगळंच स्लो मोशनमध्ये. एक गट म्हणतो, एसटीत लव्हस्टोरी घालू. एकाला गाडीच्या मागच्या शिडीला लटकून गायचंय. ज्याच्याकडे चांगला कॅमेरा आहे (त्याचा चुलतभाऊ लग्नांचं शूटिंग करतो) तो आपोआप दिग्दर्शक झालाय. ग्रुपवर रोज दोनशे मेसेज येतात, ठरत काहीच नाही. आणि जिनं गाणं लिहिलं ती मुलगी गेल्या दोन मीटिंगांत एक शब्द बोललेली नाही. जानेवारीत बारावीची पूर्वपरीक्षा आहे. मतदान घेऊ, की सरळ मीच ठरवून टाकू? खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात शेवट तयार आहे.*

मॅडम, नमस्कार.

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. तो शेवट एका कागदावर लिहा, घडी घाला आणि कपाटात ठेवून द्या. व्हिडिओ पुरा झाल्यावर उघडून बघा. तोपर्यंत मुलांना त्यातलं एक अक्षर कळू देऊ नका.

हे मी स्वतःचे हात पोळून सांगतोय. मालिकांच्या आणि गाण्यांच्या सेटवर सहायक म्हणून बारा वर्षं काढल्यावर एका कॉलेजनं मला असंच मुलांना मदत करायला बोलावलं होतं. मुलं चाचपडत होती, मला रस्ता दिसत होता, तारीख जवळ आली होती. मी शेवट सांगितला. मुलं ‘हो सर, भारी सर’ म्हणाली. आम्ही तो शूट केला, चांगला झाला, टाळ्याही पडल्या. पण पुढं लक्षात आलं की त्या पंधरा जणांपैकी एकानंही तो व्हिडिओ स्वतःच्या स्टेटसला ठेवला नव्हता. रोज सकाळी चहाचा फोटो स्टेटसला ठेवणारी पोरं ती. आपण वर्गात नुसता ‘असं केलं तर?’ असा प्रश्न विचारतो, पण बाकावर पोचेपर्यंत त्याचा हुकूम झालेला असतो.

मतदानाचंही नको. सतरा जणांत पाच मित्रांची टोळी असली की निकाल आधीच लागलेला असतो. हरलेली मुलं मग मागच्या बाकावर जातात आणि शूटिंगच्या दिवशी त्यांच्या घरी नेमकं कुणाचं तरी लग्न निघतं.

मग ठरवायचं कुणी? गाण्यानं. हे वाचताना कीर्तनासारखं वाटेल, पण मी अगदी सुतारकामासारखी गोष्ट सांगतोय.

त्याआधी मात्र त्या मुलीशी बोला. एकटीशी, आणि स्टाफरूममध्ये नाही. व्हरांड्यात, ग्राउंडच्या कडेला, कुठंही. ती गप्प का झाली याचा माझा अंदाज सांगतो, चुकीचाही असेल. तिनं लिहिलंय ते तिच्या रोजच्या अडीच किलोमीटरबद्दल. मीटिंगमध्ये त्या अडीच किलोमीटरवर बाकीचे लव्हस्टोरी रचतायत, आणि ‘नको’ म्हणावं तर सगळे म्हणणार, बघा, गाणं छापून आल्यासारखं वागते. तेव्हा तिला ‘तुला व्हिडिओत काय हवं?’ असं विचारू नका. त्याला उत्तर येणार नाही, आलंच तर ‘काहीही चालेल मॅडम’ एवढंच येईल. तिला विचारा, ‘या गाण्यात काय दिसता कामा नये?’ याचं उत्तर बहुतेक वेळा तयार असतं. ‘आम्ही बिचारे दिसायला नको’ म्हणेल, किंवा ‘माझं घर नको’ म्हणेल. जे म्हणेल ते लिहून घ्या. ही एक यादी मात्र कुणाच्याही चर्चेला ठेवायची नाही. तिनं ‘लव्हस्टोरी नको’ म्हटलं तर ती नाही, विषय संपला. ती त्याला हरकत घेणार नाही असंही होऊ शकतं बरं का, मुलं आपल्याला चकवतात.

आता सुतारकाम. गाण्याची लय मोजा. मोबाईलवर मेट्रोनोमचं, म्हणजे ठरावीक लयीत टकटक करणारं, ॲप मिळतं, नाहीतर चाल लावणाऱ्या मुलाला विचारा, तो चुटकीसरशी सांगेल. समजा मिनिटाला ९६ ठोके आहेत. चार ठोक्यांचं एक घर धरलं तर एका घराला अडीच सेकंद लागतात. तुमचं गाणं २०० सेकंदांचं, म्हणजे ऐंशी घरं झाली. चार्ट पेपर चिकटवून एक लांब पट्टी करा, एक घर पाच सेंटिमीटरचं आखा. चार मीटरची पट्टी होईल, वर्गाच्या मागच्या भिंतीवर आरामात मावेल. पट्टीवर वरच्या ओळीत घरांचे आकडे, त्याखाली शब्द, जिथं शब्द नाहीत तिथं काय वाजतंय ते: ‘नुसती ढोलकी’, ‘हार्मोनियम एकटी’, ‘शांत’. ध्रुवपद जिथं जिथं येतं ती घरं लाल खडूनं रंगवा. ही पट्टी मुलांनीच करायची आहे. अंतऱ्यातला कुठला शब्द कुठल्या घरात पडतो यावरून भांडणं होतील, ती होऊ द्या. त्या भांडणात गाणं तीस-चाळीस वेळा ऐकून होतं. आत्तापर्यंत ते बहुधा कुणी नीट ऐकलेलंच नाही, गाणाऱ्यानं सुद्धा.

पट्टी लागली की प्रत्येकाला तीन चिठ्ठ्या द्या. फक्त तीन. चिठ्ठीवर एक दिसणारी गोष्ट लिहायची आणि ती ज्या घरांत घडते तिथं चिकटवायची. ‘ड्रोन’ ही दिसणारी गोष्ट नाही, ते यंत्र झालं. ‘फाट्याकडं चालत येणारी सात पोरं वरून मुंगीएवढी दिसतात, घर ९ ते १२’, ही झाली चिठ्ठी. मग ते मंदिराच्या गच्चीवरून दिसतं का, टेकडीवरून दिसतं का, की खरंच ड्रोन लागतो, ते नंतर बघू. ‘स्लो मोशन’ लिहून आणलं तर विचारा, कशाचं आणि कुठल्या घरात? ज्या चिठ्ठीला घर सापडत नाही ती टेबलावर पडून राहते. ती कुणी नाकारलेली नसते, त्यामुळं कुणाचा अपमान होत नाही. पहिल्या दिवशी ५१ चिठ्ठ्यांपैकी वीसेक तरी टेबलावरच राहतात, हा माझा अनुभव. पाऊस त्यात नक्की असेल.

आणि मग गंमत होते. काही घरांवर पाच-पाच चिठ्ठ्या, काही घरं कोरी. मुलांचं लक्ष आपोआप कोऱ्या घरांकडं जातं. भांडणाचा विषय ‘माझी आयडिया की तुझी’ असा राहत नाही, तो ‘घर ४१ ते ४८ मध्ये काय?’ असा होतो.

तुमच्या गाण्याबद्दल तर मला पत्र वाचतानाच काहीतरी सुचलं होतं, पण ते मी लिहिणार नाही, कपाटात ठेवतो. एवढंच म्हणतो की गाणं न येणाऱ्या गाडीचं आहे. अख्ख्या व्हिडिओत एसटी किती वेळा दिसायला हवी, हा प्रश्न पट्टीसमोर कुणीतरी विचारेलच. कुणी नाहीच विचारला तर तुम्ही विचारा, आणि उत्तर न देता चहा प्यायला निघून जा.

एकाच घरावर दोन चिठ्ठ्या अडून बसल्या, कुणीच मागं हटेना, तर वाद घालू नका. दोन्ही शूट करा. लगेच, कॉलेजच्या ग्राउंडवर, मोबाईलवर, आहे त्या कपड्यांत. झाड म्हणजे फाटा, सायकल म्हणजे गाडी. पूर्ण गाण्याचा असा एक कच्चा व्हिडिओ शनिवारच्या एका दुपारी उरकतो. संध्याकाळी तो गाण्याखाली लावून सगळ्यांनी मिळून बघायचा. आठ सेकंदांत सगळ्यांना कळतं की कुठलं बसलं आणि कुठलं नाही. ज्याची कल्पना पडली तोच बऱ्याचदा पहिल्यांदा हसतो. स्क्रीनवर पडलेली कल्पना आणि मीटिंगमध्ये पाडलेली कल्पना यांत फार फरक असतो. नाटक बसवताना आपण महिनाभर तालमी करतो, मग व्हिडिओची तालीम का करत नाही, हे कोडं मला आजतागायत सुटलेलं नाही.

कॅमेरावाल्या मुलाचं काय करायचं? त्याला कमी लेखू नका. लग्नाच्या मांडवात जो पोरगा चार तास उभा राहून काम करतो त्याला उजेड कळतो, गर्दी कळते आणि भूक मारता येते. पण कॅमेरा आणि दिग्दर्शन एकाच्या हातात देऊ नका. भिंगातून बघणाऱ्याला चौकटीबाहेरचं दिसत नाही. त्याला कॅमेऱ्याचा प्रमुख करा, सगळ्यांसमोर, मानानं. हाताखाली दोन जण द्या आणि ‘त्यांना शिकवायची जबाबदारी तुझी’ म्हणून सांगा. दिग्दर्शक दुसरा किंवा दुसरी. माझं मत विचाराल तर ज्या मुलानं पट्टी आखताना सगळ्यांत जास्त डोकं लावलं, तो. गाणं लिहिणारी मुलगीच दिग्दर्शक व्हावी असा आग्रह नको. तिनं एकदा त्या गाण्याचं ओझं वाहिलंय.

बाकी कामं पटापट वाटून जातात. प्लेबॅक म्हणजे गाणं वाजवणं, हे एकाचंच काम, दुसरं काही करायचं नाही. क्लॅप (शॉटच्या सुरुवातीची पाटी) देणं आणि वहीत टेक, म्हणजे शॉटचा एकेक प्रयत्न, लिहिणं. कंटिन्युइटी: दप्तर कुठल्या खांद्याला होतं, रिबिनी होत्या की नव्हत्या, चपलेला चिखल होता का. हे काम नेहमी कमी बोलणाऱ्या मुलीकडं जातं आणि तिच्यामुळं अख्खं शूटिंग वाचतं. आणि प्रॉडक्शन, म्हणजे जेवण, पाणी, गाड्या. हे काम शिक्षा म्हणून देऊ नका. वर्गातला सगळ्यांत खटपट्या पोरगा निवडा.

तुमचं काम वेगळं. ‘नाही’ म्हणायचं काम तुमचं, पण फक्त तीन ठिकाणी: जिवाला धोका असेल तिथं, पैसे संपत असतील तिथं, आणि कुणाची चेष्टा होत असेल तिथं. शिडीला लटकण्याची चिठ्ठी पट्टीवर चिकटायच्या आधीच फाडा, कारण द्यायचीही गरज नाही. फाट्यावरचा मोठा रस्ता असेल तर रस्त्याच्या मधोमध एकही शॉट नको, रविवारी सकाळी वाहनं नसली तरी नको. बाकी सगळ्या बाबतीत तुम्ही निव्वळ घड्याळ बघणाऱ्या बाई.

आता थोडं शूटिंगचं, कारण इथं हमखास गोष्टी फसतात.

गाण्याची एक ‘शूटिंग प्रत’ करून घ्या. गाण्याच्या आधी त्याच लयीत चार ठोके: टक, टक, टक, टक, मग गाणं. हे ठोके नसले तर गाणारा पहिला शब्द दर वेळी उशिरा उचलतो. स्पीकर वायरनं जोडा. ब्लूटूथ नेमकं चांगल्या टेकला तुटतं. स्पीकर गाणाऱ्याजवळ ठेवा आणि कॅमेऱ्यातही आवाज रेकॉर्ड होऊ द्या, एडिटला तोच आवाज जुळवून शॉट बसवायचा असतो. लांबून शूट करताना मात्र लक्षात ठेवा, आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. कॅमेरा चौतीस मीटरवर असेल तर त्यात आवाज सेकंदाच्या दहाव्या भागानं उशिरा पोचतो, म्हणजे सेकंदाला २५ चित्रं (फ्रेम) धरली तर दोन-अडीच फ्रेम. मग ओठ आणि शब्द किंचित सुटलेले दिसतात आणि मुलं सॉफ्टवेअरला शिव्या देतात. ते शॉट ओठ बघून डोळ्यांनी सरकवायचे.

गाणाऱ्यांनी खरोखर गायचं. मोठ्यानं, गळा काढून. नुसते ओठ हलवले की गळ्याची शीर हलत नाही, छाती भरत नाही आणि बघणाऱ्याला कारण न कळता खोटं वाटतं. मुलं लाजतात. पहिल्या टेकला सगळ्यांनीच कॅमेऱ्यामागून गायचं, तुम्हीसुद्धा. लाज सतरा जणांत वाटली गेली की फारशी उरत नाही.

स्लो मोशनमध्ये गाताना दाखवायचंय? मग गाणं दुप्पट वेगानं वाजवायचं, मुलानं दुप्पट वेगानं गायचं, कॅमेरा सेकंदाला ५० फ्रेमवर ठेवायचा आणि एडिटमध्ये तो २५ वर चालवायचा. हालचाल संथ होते, ओठ मात्र गाण्याशी जुळतात. दुप्पट वेगात ‘मुक्कामाची गाडी’ म्हणताना पोरं हसून लोळतील, तेव्हा हा शॉट दिवसाच्या शेवटी ठेवा. गुपचूप सांगतो, ज्यांना ‘सगळंच स्लो’ हवं असतं त्यांचा उत्साह या एका तालमीनंतर बराच ओसरतो.

सगळे फोन आणि कॅमेरा एकाच सेटिंगवर हवेत, आधी ठरवून. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० (म्हणजे प्रत्येक फ्रेमला सेकंदाचा पन्नासावा भाग उजेड) ठेवलं तर वर्गातल्या ट्यूबलाइटचे पट्टे सरकताना दिसत नाहीत. काही फोनला २५ चा पर्यायच नसतो. मग सगळ्यांनी ३० वर जा, शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. आडवा की उभा व्हिडिओ, हेही आत्ताच ठरवा. गॅदरिंगच्या पडद्यासाठी आडवा. आणि शूट केलेल्या फाइली व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका, चित्र दाबलं जातं. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, किंवा सरळ केबल लावून कॉलेजच्या कॉम्प्युटरवर उतरवा. त्याच संध्याकाळी, दोन ठिकाणी. एडिटला डाविंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती तुमच्या कामाला पुरून उरते, फक्त कॉम्प्युटर जरा दमाचा हवा.

ऐंशी घरं, सरासरी दोन घरांना एक शॉट, म्हणजे चाळीस शॉट. सलग दोन दिवस घेऊ नका, दोन रविवार घ्या. पहिल्या रविवारचं आठवडाभरात जोडून बघा, काय राहिलं ते दुसऱ्या रविवारी घ्या. सकाळी सात ते साडेनऊ आणि दुपारी साडेचारनंतर बाहेरचं, मधल्या रणरणत्या उन्हात वर्गातलं किंवा व्हरांड्यातलं. चेहऱ्यावर सावली आली तर पांढरी चादर दोघांनी धरली की उजेड परततो. पांढऱ्या पाठीचा जुना फ्लेक्स त्याहून बरा, आणि तो गावात कुणाच्या ना कुणाच्या वाढदिवसाचा पडलेला असतोच.

पैशांचं. वीस माणसांचं दोन दिवसांचं खाणं, माणशी दिवसाला १२० धरले तर ४,८०० रुपये. वडापवाल्याला (खासगी जीपवाल्याला) दिवसाचे १,५०० ठरवले तर दोन दिवसांचे ३,०००. (एसटीच्या गाण्याच्या शूटिंगला वडापनं जायचं, यातला विनोद मुलांना आधीच कळलेला असेल.) मेमरी कार्ड, वायरी, झेरॉक्स यांना १,५०० ठेवा. २,७०० उरतात, ते हातात राहू द्या, काहीतरी मोडतंच. तुमच्याकडचे भाव वेगळे असतील, पण क्रम हाच: आधी जेवण, मग प्रवास, मग बाकी सगळं. उपाशी पोरांकडून दुपारनंतर एक शॉट धड मिळत नाही.

या हिशेबात ड्रोन कुठं बसतो ते मुलांनाच बसवून दाखवायला सांगा. कुणी मित्र फुकट आणतो म्हणाला तरी २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणं आकाशाचे हिरवा, पिवळा, लाल असे भाग आहेत. सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ संकेतस्थळावरच्या नकाशात तुमचं गाव कशात येतं ते बघा, आणि ड्रोनवाल्याकडं नोंदणी नि परवान्याची विचारणा करा. शिवाय गावच्या यात्रेत ड्रोन बघायला जमते तेवढी गर्दी तुमच्या फाट्यावर जमेल. तुमचं गाणं रिकाम्या फाट्याचं आहे.

एसटी लागणारच असेल, तर आगारात जाऊन आगार व्यवस्थापकांना भेटा, कॉलेजच्या लेटरहेडवर अर्ज घेऊन. लेखी परवानगीशिवाय स्थानकात किंवा गाडीत कॅमेरा काढू नका. सहलीला घेतो तशी प्रासंगिक करारावर गाडी घेता येते, पण तिचं भाडं तुमच्या १२,००० चा घास करेल असं मला वाटतं. तरी आगारात जाच, आणि मुलांना घेऊन जा. मुक्कामी गाडीवर पूर्वी असलेले ड्रायव्हर-कंडक्टर तिथं भेटतील. ते त्या गावात कुठं झोपायचे, पाणी कुठलं भरायचे, सव्वासहाला हॉर्न किती वेळा द्यायचे, हे त्यांना विचारू दे. गाणं बाकावरून लिहिलं गेलंय, स्टिअरिंगवरच्या माणसाची बाजू अजून कुणी ऐकलेली नाही. कदाचित त्यातूनच ती ४१ ते ४८ घरं भरतील. आणि गाडी बंद का झाली यावर आगारात वाद घालायला जाऊ नका. तो वेगळा अर्ज, ग्रामसभेच्या ठरावासह, वेगळ्या दिवशी.

त्या ‘फ्री बीट’चा मला खरा घोर आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. शब्द तुमच्या मुलीचे, चाल तुमच्या मुलाची, पण मधला तुकडा तिसऱ्या कुणाच्या तरी रेकॉर्डिंगचा. नेटवरचं ‘फ्री’ म्हणजे बऱ्याचदा ‘ऐकायला फ्री’ किंवा ‘नाव दिलं तर फ्री’ असतं. जिथून घेतला तिथल्या अटी वाचा, त्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा. अटी सापडत नसतील तर तो तुकडा काढा आणि तिथं स्वतः वाजवा: ढोलकी, टाळ, नाहीतर बाकावर बोटं. यूट्यूबवर टाकल्यावर तिथली यंत्रणा असे तुकडे आपोआप ओळखते आणि व्हिडिओवर दावा येतो. हे शूटिंगच्या आधी उरका. नंतर बीट बदलला आणि लय एका ठोक्यानं जरी हलली तरी तुमची ऐंशी घरं कोसळतील.

श्रेयनामावलीत पहिलं नाव शब्द लिहिणारीचं, ठळक, सुरुवातीलाच. शेवटी सरकणाऱ्या यादीत नको. ही एक सक्ती तुम्ही माझ्या नावावर खपवा.

अकरावी-बारावीची बहुतेक मुलं अठराच्या आतली, म्हणून पालकांची लेखी संमती हवी. त्या कागदावर ‘व्हिडिओसाठी परवानगी’ एवढंच मोघम लिहू नका. कुठं शूटिंग, किती वाजेपर्यंत, सोबत कोण शिक्षक, व्हिडिओ कुठं दाखवणार, नेटवर टाकणार का, हे सगळं लिहा. नेटवर टाकायचा असेल तर आधी पालकांना हॉलमध्ये बोलावून दाखवा. एखादी आई म्हणाली, ‘माझ्या मुलीचा तो शॉट काढा,’ तर काढा, कारण विचारू नका. यूट्यूबवर कॉमेंट बंद ठेवता येतात. मुलींच्या बाबतीत मी त्या बंदच ठेवल्या असत्या.

वेळ कमी आहे, पण पुरेसा आहे. या आठवड्यात मुलीशी बोला, बीटचं बघा. पुढच्या आठवड्यात पट्टी आणि चिठ्ठ्या, त्यानंतरच्या शनिवारी कच्चा व्हिडिओ. मग दोन रविवार. बारावीच्या मुलांना एडिटमधून मोकळं करा, ते काम अकरावीकडं जाऊ द्या. ग्रुपचं म्हणाल तर तो बंद करायची गरज नाही. फक्त नियम करा की ग्रुपवर ठरलेलं काहीही ठरलेलं नाही, भिंतीवर चिकटलं तेवढंच ठरलं. मेसेज दोनशेवरून वीसावर येतील, आणि त्यातले पंधरा ‘जेवायला काय आहे’ असे असतील.

पट्टीचा फोटो जमला तर पाठवा. कुठली घरं शेवटपर्यंत कोरी राहिली ते मला बघायचंय.

आणि पहिल्या रविवारच्या आदल्या रात्री, प्लेबॅकवाल्या पोराला फोन करून स्पीकर चार्जिंगला लावलाय का, एवढं विचारा.